परसात एकच झाड : प्लम निवडताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



तत्त्वज्ञानाच्या माणसाने झाडांवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. आयुष्यभर ज्या विषयांवर शिकवलं त्यांतला एक विषय होता निवड. माणूस निवडतो म्हणजे नेमकं काय करतो? हा प्रश्न वर्गात शिकवताना फार धूसर होतो. रोपवाटिकेत तो एकदम स्वच्छ दिसतो. तुमच्यापैकी बरेच जण इंग्लंडमध्ये घर करून आहात. घरामागे दहा-बारा मीटरची परसबाग आहे. तिथे एक फळझाड मावेल, दुसरं मावणार नाही. ते प्लमचं असावं असं घरात ठरलंय. आता कोणतं आणायचं? केंटमध्ये ब्रॉगडेल इथे ब्रिटनचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथे प्लमच्याच 300हून अधिक जाती जपलेल्या आहेत. त्यांतून एक घ्यायची, आणि चुकली तर ते कळायला तीन-चार वर्षं जायची. म्हणून थोडा विचार आधी करावा.

आधी शब्दांची उजळणी करू. आपल्याकडे मे-जूनपासून बाजारात येणारा लालबुंद, आंबटगोड आलुबुखार बहुतेक हिमाचलाकडून येतो. तो मुख्यतः जपानी कुळातला. 'सांता रोझा' ही तिथली प्रसिद्ध जात, अमेरिकेत लूथर बरबँक यांनी तयार केलेली. इंग्लंडच्या परसात जो प्लम असतो तो युरोपीय. त्याचं शास्त्रीय नाव प्रूनस डोमेस्टिका. गेज म्हणजे याच युरोपीय प्लममधली एक घराणेशाही म्हणा ना. फळ बहुधा गोलसर, हिरवट किंवा पिवळसर, गर घट्ट आणि गोडी मधासारखी. डॅमसन हा त्यांचा लहान, तुरट, निळाकाळा भाऊबंद. तो झाडावरून तोडून खायचा नव्हे, मुरंब्याचा.

आता एक गंमत सांगतो. 'व्हिक्टोरिया' हे इथलं सर्वांत लोकप्रिय प्लम. सुमारे 1840 मध्ये ससेक्समधल्या एका बागेत ते आपोआप उगवलेलं सापडलं आणि राणीच्या नावाने विकलं जाऊ लागलं, असं सांगतात. आज ब्रिटनभर जी व्हिक्टोरियाची झाडं आहेत ती त्या झाडाची मुलं नव्हेत. त्या झाडाच्या काडीचं कलम, त्या कलमाच्या काडीचं कलम, अशी ती परंपरा आहे. कोय पेरली तर व्हिक्टोरिया उगवत नाही, दुसरंच काहीतरी उगवतं. हापूसच्या कोयीतून हापूस येईल याची खात्री नसते, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या न्यायदर्शनात शब्दाचा अर्थ सांगताना व्यक्ती, आकृती आणि जाती असे तीन पदर सांगितले आहेत. कलमी झाडाच्या बाबतीत व्यक्ती आणि जाती यांतली भिंतच पडते. तुम्ही जात विकत घेतलीत असं वाटतं, प्रत्यक्षात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका झाडाचा तुकडा घरी आणता. याचा व्यावहारिक अर्थ असा, की त्या झाडाचे गुण जसे येतात तसे त्याचे दुर्गुणही जसेच्या तसे येतात. 'माझं नशीब चांगलं असेल तर हे झाड वेगळं वागेल' अशी आशा इथे चालत नाही.

अॅरिस्टॉटल म्हणतो की माणूस विचारविनिमय करतो तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल. एप्रिलमधली थंडी आपल्या हातात नाही. पण झाड कुठे लावायचं, कोणत्या खुंटावरचं घ्यायचं, कोणत्या महिन्यात कात्री चालवायची, हे आहे. बहुतेक लोक सुरुवात चवीपासून करतात. कुठेतरी एक अप्रतिम गेज खाल्लेलं असतं, ते डोक्यात असतं. माझं म्हणणं असं आहे की चवीचा प्रश्न शेवटी घ्यावा. तो बिनमहत्त्वाचा आहे म्हणून नव्हे. आधीचे चार प्रश्न सुटले नाहीत तर चव घ्यायला फळच नसेल म्हणून.

पहिला प्रश्न : जागा किती?

झाडाच्या चिठ्ठीवर दोन नावं असतात. लोक वरचंच वाचतात. वरचं नाव फळाचं, खालचं खुंटाचं, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधलं त्या झाडाचं. झाड किती वाढेल हे मुख्यतः खालचं नाव ठरवतं. इथे दोन खुंट नेहमी भेटतात. 'सेंट ज्युलियन ए' या खुंटावर झाड साधारण चार-साडेचार मीटर उंच होतं आणि तेवढंच पसरतं. 'पिक्सी' या बुटक्या खुंटावर अडीच-तीन मीटरवर थांबतं. म्हणजे एकच व्हिक्टोरिया एका घरी शिडी मागेल आणि दुसऱ्या घरी हात वर केला की मिळेल.

मग सगळ्यांनी पिक्सीच घ्यावा का? नाही. बुटक्या खुंटाची मुळं कमजोर असतात. त्याला कसदार जमीन, उन्हाळ्यात पाणी, बुंध्याभोवती गवत नको आणि जन्मभर आधाराची खुंटी हवी. हलकी रेताड जमीन असेल, किंवा दर ऑगस्टमध्ये तुम्ही महिनाभर भारतात जाणार असाल, तर सेंट ज्युलियन बरा. जोमदार खुंट मालकाचं दुर्लक्ष जास्त सोसतो.

दुसरा प्रश्न : शेजारी कोण?

काही प्लम स्वतःच्याच परागाने फळ धरतात. व्हिक्टोरिया, झार, ओपल, मार्जरीज सीडलिंग आणि गेजच्या चवीकडे झुकणारे उलँ गेज व डेनिस्टन्स सुपर्ब ही त्यांतली नावं. काहींना मात्र दुसऱ्या जातीचा पराग लागतोच. खरा जुना ग्रीनगेज यांतला. 'कोज गोल्डन ड्रॉप' हे सोनेरी, जर्दाळूच्या चवीचं उत्कृष्ट फळ, तेही यांतलं. केंब्रिज गेज मधलं आहे. एकटं असलं तरी थोडं धरतं, सोबत असली तर बरंच.

नुसता दुसरा प्लम असून भागत नाही. दोघांचा फुलोरा एका वेळी यायला हवा. म्हणून रोपवाटिकेच्या यादीत फुलण्याच्या वेळेप्रमाणे गट दिलेले असतात. आपल्या गटातला किंवा लगतच्या गटातला जोडीदार चालतो. शिवाय काही जोड्या जमतच नाहीत. कोज गोल्डन ड्रॉप आणि जेफरसन शेजारी शेजारी लावले तरी एकमेकांना फळू देत नाहीत, कारण दोघांचं परागाच्या बाबतीत गोत्र एकच आहे. सगोत्र विवाह इथेही निषिद्ध! आणि जपानी प्लमचा पराग युरोपीय प्लमला उपयोगी पडत नाही, कारण दोघांच्या गुणसूत्रांची संख्याच जुळत नाही.

तुमच्याकडे एकच झाड मावतं म्हणून एकटं धरणारीच जात घ्यायची, असंही नाही. मधमाशीला कुंपण दिसत नाही. दोन घरांपलीकडचं झाडही उपयोगी पडतं. मात्र ते झाड प्लमचं आहे की शोभेच्या चेरीचं, आणि प्लमचं असेल तर कोणतं, हे कळायला एक उपाय आहे. एप्रिलमध्ये पांढरा फुलोरा दिसला की कुंपणापाशी जाऊन शेजाऱ्याला विचारायचं. वर्षानुवर्षं ज्याला नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हटलं, त्याच्याशी बोलण्याचं यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

तिसरा प्रश्न : थंडी कुठे साचते?

प्लम लवकर फुलतो, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये. याच दिवसांत इथे निरभ्र रात्री पारा शून्याखाली जातो आणि दव गोठतं. झाडाला त्याचं काही वाटत नाही, ते कडाक्याचा हिवाळा सहज काढतं. उघडलेलं फूल मात्र उणे दोन-तीन अंशांतही मरतं. एका रात्रीत वर्षाचं पीक जातं.

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी, भरीव कुंपणाच्या आड साचते. म्हणून बागेचा सर्वांत खालचा कोपरा प्लमला देऊ नये. तोच कोपरा रिकामा असतो आणि लोक तिथेच झाड लावतात! तुमची बाग मुळातच खोलगट असेल, तर उशिरा फुलणारं मार्जरीज सीडलिंग घ्या, किंवा फुलोऱ्यात थंडी बऱ्यापैकी सोसणारं झार. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत असेल तर तिच्यावर पंख्यासारख्या फांद्या पसरवून झाड वाढवता येतं. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते, आणि झाड बसकं असल्यामुळे वरून पातळ कापड टाकणं सोपं जातं. गेजला तर अशी भिंत फारच मानवते. त्याची गोडी उन्हाने येते.

चौथा प्रश्न : फळाचं करणार काय?

प्लम सफरचंदासारखा टिकत नाही. झाड भरात आलं की दोन-तीन आठवड्यांत सगळं पिकतं. वीस-पंचवीस किलो फळ एकदम घरात आलं तर काय करणार, हे आधी ठरवा. झार लवकर येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला. तो शिजवायला उत्तम, नुसता खायला साधारण. ओपल त्याच सुमाराला किंवा जरा आधी, खायला छान. व्हिक्टोरिया ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, दोन्हीला चालतो. मार्जरीज सीडलिंग सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरपर्यंत. इथेच कॅलेंडरही बघा. मुलांच्या शाळेची सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होते, तुम्ही ऑगस्टभर नागपूरला असता, आणि घरी झार लावलेला. मग पीक गांधीलमाश्यांचं. अशा घरी उशिरा येणारी जात हवी. मुरंबा, चटणी करणारं कोणी घरात असेल तर झार आणि डॅमसन. नसेल, तर खाण्याची जात, तीही बुटक्या खुंटावर.

पाचवा प्रश्न : चव

आता चवीकडे येऊ. इथे खरा पेच आहे.

फ्रान्समध्ये ग्रीनगेजला 'रेन क्लोद' म्हणतात. सोळाव्या शतकात पहिल्या फ्रान्स्वा राजाची क्लोद नावाची राणी होती, तिचं हे नाव. अठराव्या शतकात गेज आडनावाच्या इंग्रज घराण्याने ही झाडं फ्रान्सहून मागवली, वाटेत चिठ्ठी हरवली आणि माळ्याने धन्याचंच नाव फळाला दिलं, अशी गोष्ट सांगतात. एका देशात राणीचं नाव, दुसऱ्या देशात मागवणाऱ्याचं. नाव काही असो, पूर्ण पिकलेला ग्रीनगेज ज्याने झाडाखाली उभं राहून खाल्लाय, त्याला प्लमची सर्वोच्च चव विचारली तर तो दुसरं नाव घेत नाही. पण झाड लहरी. एकटं धरत नाही, थंड वर्षी रुसतं, भरघोस येईलच असं नाही. व्हिक्टोरियाची चव चांगली, उत्कृष्ट नव्हे. पण ती बहुतेक वर्षी येते, आणि भरभरून येते.

खात्रीचं चांगलं घ्यावं की बिनखात्रीचं उत्कृष्ट? कोणी म्हणेल, हा कठोपनिषदातला श्रेय-प्रेयाचा प्रश्न आहे. तसं मला वाटत नाही. तिथे सुख आणि कल्याण यांत निवड आहे. इथे दोन्हीकडे सुखच आहे. फरक इतकाच, की एका सुखासाठी काही सोसावं लागतं आणि दुसऱ्यासाठी वेगळं काही. ग्रीनगेजवाल्याने रिकामी वर्षं सोसायची. व्हिक्टोरियावाल्याला काही सोसावं लागत नाही असं मात्र समजू नका. आता मी तिकडेच येतो.

व्हिक्टोरिया इतकी लगडते की फळांच्या ओझ्याने फांदी मोडते. मोडलेल्या फांदीच्या जखमेतून एक बुरशी आत शिरते. इथे या रोगाला सिल्व्हर लीफ म्हणतात, कारण पानांवर रुपेरी झाक येते. मग फांदी वाळते आणि हळूहळू झाडही जाऊ शकतं. व्हिक्टोरिया या रोगाला लवकर बळी पडते. म्हणजे बघा, जो गुण पाहून आपण तिला आणली, त्या गुणातूनच तिचा घात होतो. उपाय आपल्या हातात आहे. जूनमध्ये झाड स्वतःहून काही फळं गाळतं. त्यानंतर उरलेल्या फळांची विरळणी करायची. दोन फळांत पाच ते आठ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. हिरवी फळं हाताने तोडून टाकायला जीव होत नाही. पण तोडली नाहीत तर यंदा फळं बारीक, फांदीला धोका, आणि पुढच्या वर्षी दमलेलं झाड बहुधा रिकामं.

छाटणीचंही तेच. सफरचंदाची छाटणी हिवाळ्यात करतात, म्हणून लोक त्याच दिवशी प्लमवरही कात्री चालवतात. ही बुरशी मुख्यतः शरद-हिवाळ्यात आपले बीजाणू सोडते, आणि झोपलेल्या झाडाची जखम भरून येत नाही. त्यामुळे प्लमची छाटणी जून ते ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवशी करावी. एवढा एक नियम पाळला तरी झाडाचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

तेव्हा पाचव्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, पण तो कसा विचारायचा ते सांगतो. 'मला कोणतं फळ आवडतं' असं विचारू नका, ते सोपं आहे. 'कोणत्या झाडाचा त्रास मी दहा वर्षं न कुरकुरता काढीन' असं विचारा. जूनमध्ये तासभर विरळणी करण्याचा कंटाळा नसेल, तर व्हिक्टोरिया घ्या. तीन वर्षांतून एखादं वर्ष फळ आलं नाही तरी चालेल, पण आलं तर अमृत हवं, आणि जवळपास जोडीदार आहे, उबदार भिंत आहे, तर ग्रीनगेज घ्या. दोन्ही नको असेल, तर मधली वाट आहे. उलँ गेज किंवा डेनिस्टन्स सुपर्ब एकटे धरतात, चवीत खऱ्या गेजच्या थोडे खाली आणि भरवशात पुष्कळ वर. भिंत नसलेल्या साध्या परसात एकच झाड लावणाऱ्याने यांचा विचार अवश्य करावा.

लावणीबद्दल दोनच वाक्यं. नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची रोपं मिळतात, ती स्वस्त असतात आणि जातींची निवडही मोठी असते. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर वरची काडी स्वतःची मुळं सोडते आणि बुटका खुंट घेतल्याचा उपयोग संपतो.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, पुण्यात आमच्या सोसायटीत हे झाड लावता येईल का?

उत्तर : लावता येईल, फळ मिळणार नाही. युरोपीय प्लमला हिवाळ्यात साधारण सात अंशांखालची थंडी शेकडो तास लागते. तेवढी थंडी मिळाली की झाडाला हिवाळा संपल्याचं कळतं आणि कळ्या नीट उमलतात. पुण्याची थंडी त्याला पुरत नाही. पुण्यात चिकू लावा, पेरू लावा, जागा असेल तर जांभूळ लावा. मी आज सांगितलेले प्रश्न त्यांनाही विचारता येतील, उत्तरं वेगळी येतील.

प्रश्न : फळात गुलाबी अळी निघते. जात बदलली तर थांबेल का?

उत्तर : पूर्ण थांबणार नाही. ती प्लम मॉथ नावाच्या पतंगाची अळी. मे महिन्यात झाडात गंधाचा सापळा टांगला तर नर पतंग अडकतात, अळी थोडी कमी होते. लवकर पिकून गळालेली फळं उचलून टाकत चला, अळ्या बहुधा त्यांतच असतात. बाकी, कापून बघून खावं. आपण बोरंही तशीच खात आलो.

प्रश्न : आमचं इथलं वास्तव्य किती वर्षांचं, हेच नक्की नाही. नोकरी बदलली तर घर सोडावं लागेल. मग झाड लावावं का?

उत्तर : हा आजचा सर्वांत खरा प्रश्न. पहिलं उत्तर व्यवहाराचं. पिक्सीवरचं झाड पन्नास सेंटिमीटरच्या कुंडीत ठेवता येतं. उन्हाळ्यात रोज पाणी, दोन-तीन वर्षांनी माती बदलणं, हे करावं लागतं. पण घर बदललं की ते तुमच्याबरोबर येतं.

दुसरं उत्तर. कलम लावल्यावर तीन-चार वर्षांत पहिली फळं येतात, आणि झाड पुढे काही दशकं जगतं. म्हणजे जो जन्मभर इथेच राहणार आहे, त्याच्यासुद्धा झाडाची बरीचशी फळं दुसरं कोणीतरी खाणार. तुमच्यात आणि त्याच्यात फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. माझं वय सत्तरीच्या पुढचं आहे, त्यामुळे हा हिशेब मला रोजचा आहे. माझा सल्ला विचाराल तर जमिनीतच लावा, फक्त एकटं धरणारं, भरवशाचं झाड निवडा. पुढच्या मालकाला विरळणीचं, छाटणीचं ज्ञान असेलच असं नाही. म्हणून झाडाचं नाव, खुंटाचं नाव आणि 'छाटणी फक्त उन्हाळ्यात' एवढं एका कागदावर लिहून घराच्या किल्ल्यांबरोबर द्या. गेज घराण्याची चिठ्ठी हरवली असं म्हणतात, तुमची हरवू देऊ नका.